आईचा मिक्सर, उरलेला वॉशर आणि शंकर आबाजी भिसे

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही की ॲपची ट्रिक नाही. आज एका बंद पडलेल्या मिक्सरबद्दल लिहितोय, आणि तो उघडल्यामुळे ज्यांच्याबद्दल मी वाचत बसलो त्या एका मराठी संशोधकाबद्दल. मिक्सर आमच्या पाथर्डीच्या घरातला. संशोधक मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वारलेले. दोघांचा संबंध काय, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

चटणी अर्धवट राहिली

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आठवडाभर घरून काम घेऊन पाथर्डीला आलो होतो. या दिवसांत मोहटादेवीच्या गडाकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढायला लागते, आणि आमच्या घरात आईची गडबड. ती ओळखीच्या लोकांना येसर आणि शेंगदाण्याची चटणी करून देते. येसर ती कांडपावरून दळून आणते, पण चटणी मात्र घरच्या मिक्सरवरच करते. धंदा लहान आहे. पण तो पैसा तिचा स्वतःचा आहे. त्यातून काय घ्यायचं हे ती कुणाला विचारत नाही.

चार किलोची चटणी द्यायची होती, आणि दीड किलोवर मिक्सर थांबला. आधी थोडा जळका वास आला, मग आवाज तुटक झाला, मग काहीच नाही. खालचं लाल बटण दाबून बघितलं. हे ओव्हरलोडचं बटण असतं. मोटरवर जास्त ताण आला की ते आपोआप बंद होतं, आणि थोड्या वेळाने परत दाबलं की मिक्सर सुरू होतो. आमचा नाही झाला.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, की तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा. मित्रांनो, हे वाक्य ऐकून घाम फुटतो. माझ्या डिग्रीला चार वर्षं लागली. त्यात पहिल्या वर्षी वर्कशॉप होतं, तेवढंच. त्यानंतर माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला तो फक्त लॅपटॉपची रॅम वाढवताना.

उघडायला वीस मिनिटं लागली

प्लग काढला. भांडं बाजूला ठेवलं. मिक्सर उलटा केला, तर स्क्रू दिसेनात. दोन मिनिटांनी कळलं की ते रबरी पायांच्या आत लपलेत. चार स्क्रू काढले, तळ निघाला. वरचा कपलर, म्हणजे भांडं ज्याच्यावर बसतं तो दातेरी भाग, काही सुटेना. मी जोर लावत राहिलो आणि तो अजून घट्ट होत गेला. बऱ्याच मिक्सरमध्ये या कपलरचे आटे उलटे असतात, म्हणजे तो सोडायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. कारण साधं आहे. मोटर फिरताना कपलर सुटू नये, उलट घट्टच व्हावा, म्हणून.

आत बघितलं तर दोष लगेच सापडला. मिक्सरची मोटर युनिव्हर्सल मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायची तर वायर थेट जोडता येत नाही, पीळ पडून तुटेल. म्हणून तांब्याच्या पट्ट्यांच्या एका गोल भागावर दोन बाजूंनी कार्बनचे छोटे ठोकळे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. हे कार्बन ब्रश. मुद्दाम मऊ असतात, म्हणजे झीज होईल ती त्यांची होते, तांब्याची नाही. आमच्या मिक्सरचा एक ब्रश झिजून नखाएवढा उरला होता, तांब्याला टेकतच नव्हता.

पण तोवर रात्र झाली होती. बाजारातलं मोटर वाइंडिंगचं दुकान सकाळी उघडणार होतं. सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवले आणि फोन घेऊन बसलो. घरातली यंत्रं, मराठी माणसं, शोध, असं काहीबाही शोधता शोधता शंकर आबाजी भिसे हे नाव समोर आलं. शाळेत कधीतरी भारताचे एडिसन असं एका ओळीत वाचलेलं. त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं.

यूट्यूब नव्हतं, नियतकालिक होतं

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. लहानपणापासून यंत्रांचं वेड. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं. तेव्हा मोठ्या शहरांत रस्त्यावरचे दिवे याच गॅसवर जळायचे. म्हणजे शहराला लागणारी गोष्ट या पोराने घरात लहान प्रमाणात करून बघितली.

इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मग शिकले कुठे? न्यूयॉर्कहून निघणाऱ्या सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकातून. यंत्रांचं आपलं सगळं शिक्षण त्या नियतकालिकातून झालं, असं त्यांनी पुढे अमेरिकेत सांगितलं होतं. जहाजाने येणारे अंक, त्यातली चित्रं आणि वर्णनं. आपण व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन परत बघतो. त्यांना छापलेल्या एका चित्रावरून आतली चाकं कशी फिरत असतील ते डोक्यात फिरवावं लागायचं.

पोटासाठी त्यांनी मुंबईत सरकारी हिशेब खात्यात नोकरी केली. बाकीचा वेळ यंत्रांना. विशीत त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब काढला. आतल्या मालात कुणी भेसळ केली तर लगेच कळेल अशी बाटली, पुढचं स्टेशन कोणतं ते गाडीत दाखवणारा फलक, असल्या गोष्टी ते बनवत होते. तो स्टेशन दाखवणारा फलक वाचून मी थांबलो. आज लोकलच्या डब्यात आपण जो डिस्प्ले बघतो, त्याची गरज या माणसाला एकोणिसाव्या शतकात कळली होती.

आणि एक गोष्ट, जी मला या साइटवर सांगायलाच हवी. भिसे यांनी विविध कलाप्रकाश नावाचं मराठी मासिक चालवलं, विज्ञान आणि कारागिरीची माहिती लोकांना मराठीत मिळावी म्हणून. म्हणजे आपण इथे जे करतोय ते सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी कागदावर केलं होतं.

किराणा दुकानातलं यंत्र

१८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ असा किराणा माल आपोआप वजन करून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिसे यांनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण अशा कुठल्याही यंत्रापुढचा प्रश्न समजून घ्या. वरून पीठ पडतंय, खाली तराजू आहे. एक किलो झालं की झडप बंद व्हायला हवी. पण झडप बंद होते त्या क्षणी थोडं पीठ हवेत असतं, ते नंतर पडतं आणि वजन जास्त भरतं. म्हणून झडप थोडी आधी बंद करावी लागते. किती आधी? साखर जड आणि सुटी, पीठ हलकं आणि चिकट, त्यामुळे दोघांसाठी उत्तर वेगळं. आज हे काम सेन्सर आणि प्रोग्राम करतात. तेव्हा सगळं तरफ, वजनं आणि स्प्रिंग यांच्यातच बसवावं लागायचं. मी कोडमध्ये एक इफ लिहितो, त्या जागी एक लोखंडी दांडा बसवायचा!

या बक्षिसामुळे मुंबईतले काँग्रेसचे पुढारी त्यांच्याकडे बघायला लागले. दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये असलेल्या दादाभाई नौरोजींच्या नावाने ओळखपत्र दिलं, आणि भिसे लंडनला निघाले.

दादाभाईंचा आधार

दादाभाई म्हणजे १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय आणि भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे आकड्यांनी मांडणारे. त्यांनी भिसे यांच्याबरोबर रीतसर करार केला आणि शोधांसाठी पैसा उभा करून द्यायला सुरुवात केली. आजच्या भाषेत पहिला गुंतवणूकदार. दादाभाईंच्या दृष्टीने यात देशाचाही प्रश्न होता. भारतीय माणूस नवीन यंत्र बनवू शकतो हे लंडनच्या बाजारात दिसायला हवं होतं.

पुढच्या काही वर्षांत भिसे यांनी धडाका लावला. विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दाखवला गेला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं उपकरण, आपोआप चालणारा संडासाचा फ्लश, अशी यादी लांबत गेली. त्यांच्या नावावर एकूण सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट सांगितली जातात.

पण ज्या यंत्रासाठी त्यांनी आयुष्य ओतलं, ते वेगळंच होतं.

अक्षर ओतणारं यंत्र

फोनवर मराठी फॉन्ट बदलायला आपल्याला दोन सेकंद लागतात. तेव्हा फॉन्ट म्हणजे खरोखरच्या धातूचे तुकडे. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण वितळवायचं, अक्षराच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की एक टाइप, म्हणजे खिळा, तयार. शिसं एकटं मऊ असतं. अँटिमनीमुळे ते कडक होतं आणि थंड होताना फारसं आकसत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा नीट उठतात.

इंग्रजीला अक्षरं कमी. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागायचे. सगळ्यांची उंची तंतोतंत एक हवी. एक खिळा केसभर उंच झाला तर कागद फाटेल, केसभर बुटका राहिला तर अक्षर उमटणारच नाही.

आता वेग वाढवायचा तर अडचण कुठे येते? ओतण्यात नाही, थंड होण्यात. धातू घट्ट व्हायच्या आत बाहेर काढला तर खिळा वाकडा. म्हणजे उष्णता बाहेर काढण्याची शर्यत. तेव्हाच्या चालू यंत्रांचा वेग मिनिटाला दीडशे खिळ्यांच्या आसपास सांगतात. भिसे यांच्या यंत्राचं नाव भिसोटाइप, आणि त्याचा वेग मिनिटाला १२०० खिळे असा सांगितला जाई. १२०० म्हणजे सेकंदाला २०. या वाक्याचा पूर्णविराम वाचेपर्यंत शंभरेक खिळे.

यंत्र चालत होतं, बाकीचं नाही

इथून पुढची गोष्ट वाचताना मला वाईट वाटलं. यंत्र कागदावर नव्हतं, चालत होतं. पण ते कारखान्यात बनवून छापखान्यांना विकायचं तर मोठं भांडवल लागणार होतं, आणि दादाभाईंची ऐपत संपत आली होती. त्यांनी हेन्री हिंडमन या ब्रिटिश समाजवादी पुढाऱ्याला गुंतवणूकदार शोधायला सांगितलं. हिंडमन यांनी १५,००० पौंडांची तयारी दाखवली. त्या काळी ही प्रचंड रक्कम. भिसे थांबले. पैसे आले नाहीत. १९०७ मध्ये दादाभाई वयामुळे भारतात परतले. १९०८ च्या शेवटी भिसे यांनीही लंडनमधलं काम गुंडाळलं आणि मायदेशी निघाले.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. त्यातून रतन टाटा, म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा, पुढे आले. (आपल्या ओळखीचे रतन टाटा वेगळे, ते बरेच नंतरचे.) १९१० मध्ये टाटा आणि भिसे यांच्या नावाने सिंडिकेट उभं राहिलं, भिसे परत लंडनला गेले, काम परत सुरू झालं. पण टाइप ओतण्याच्या यंत्रातून अपेक्षित पैसा येईना. त्यात पहिलं महायुद्ध. सिंडिकेटही बंद झालं.

१९१६ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, भिसे न्यूयॉर्कला गेले. ज्या शहरातून आलेल्या नियतकालिकावर ते मुंबईत शिकले, त्याच शहरात. तिथे त्यांनी कपडे धुण्याचं एक रसायन तयार केलं आणि त्याचे हक्क विकले. आयोडीनपासून एक औषध केलं, त्यातून हातात बऱ्यापैकी पैसा आला. आणि तो पैसा कुठे गेला असेल? बरोबर. परत टाइपच्या यंत्रात! १९२० च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत आयडियल टाइप कास्टर नावाने कंपनी काढली. १९३० च्या डिसेंबरात त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच ते वारले, तेव्हा अडुसष्ट पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.

मुंबईतले हिशेब खात्याचे कारकून, नंतर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचे भारतीय एडिसन. पण ज्या यंत्रासाठी हे सगळं चाललं होतं, ते भारतातल्या छापखान्यांत घरोघरचं नाव कधीच झालं नाही.

उरलेला वॉशर

सकाळी दुकानातून कार्बन ब्रशची जोडी आणली. पन्नास रुपयांच्या आत काम झालं. दुकानदार काकांनी जुना ब्रश हातात घेऊन मापाचाच नवा दिला, आणि एक नव्हे, दोन्ही बदल असं बजावलं. एक नवीन आणि एक झिजका असला की दाब सारखा राहत नाही.

जोडायला बसलो आणि खरी परीक्षा तिथे झाली. उघडताना मी एकही फोटो काढला नव्हता. खिशात फोन असून! एक वायर कुठल्या खाचेतून गेली होती ते आठवेना. दोन स्क्रू लांब होते आणि दोन आखूड, कुठले कुठे ते कळेना. शेवटी सगळं बसलं, आणि वर्तमानपत्रावर एक फायबरचा वॉशर उरला.

चालू करून बघितला. मिक्सर फिरला. आई खूष. मीही क्षणभर म्हटलं, जाऊ दे, चालतोय ना. पण आवाजात एक खरखर होती. असाच दिला असता तर माझ्या हातात तो चालला असता, आणि मी पुण्याला गेल्यावर आईच्या हातात अर्ध्या ऑर्डरमध्ये थांबला असता. परत उघडला. वॉशर मोटरच्या दांड्यावरचा होता, खालच्या बाजूचा. तो नसल्यामुळे दांडा वरखाली हलत होता. बसवला, खरखर गेली. पहिल्या पाच मिनिटांत ब्रशजवळ बारीक ठिणग्या दिसल्या, तेवढ्या चालतात, नवा कार्बन तांब्याच्या गोलाईवर बसेपर्यंत. संध्याकाळपर्यंत चार किलो चटणी पूर्ण झाली.

मला भिसे यांचं आयुष्य या वॉशरमुळे कळलं. उघडून बघणं, दोष शोधणं, नवीन रचना सुचणं, हे एकट्याचं काम आहे. त्यात ते कुणाला ऐकणारे नव्हते. पण यंत्र आपल्या टेबलावर चालणं आणि दुसऱ्याच्या हातात रोज चालणं, यात मोठं अंतर आहे. त्या अंतरात भांडवल लागतं, सुटे भाग बनवणारे लागतात, दुरुस्ती करणारे लागतात, वेळेवर शब्द पाळणारी माणसं लागतात. आमच्या मिक्सरला वाइंडिंगवाले काका होते, ज्यांच्या बरणीत मापाचा ब्रश होता. भिसे यांच्या यंत्राच्या मागे तशी साखळी उभी राहायला एकदा दादाभाई आले, एकदा टाटा आले, आणि दोन्ही वेळा ती मध्येच तुटली. दोष यंत्रात होता असं मला वाटत नाही.

तुम्ही उघडणार असाल तर

- आधी प्लग काढा. स्विच बंद केलाय म्हणजे झालं, असं समजू नका.
- प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो. काढलेले स्क्रू त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावा.
- कपलर सुटत नसेल तर जोर लावू नका, उलट दिशेने फिरवून बघा.
- ब्रश नेहमी जोडीने बदला.
- काही उरलं तर मिक्सर चालत असला तरी परत उघडा.
- मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव जाईल एवढी वीज साठून राहू शकते.

काल आईचा फोन आला होता. शेजारच्या काकूंनी त्यांचा बंद मिक्सर आमच्याकडे आणून ठेवलाय, मी आल्यावर बघेन म्हणून. आपला स्वतःचा बिघडला तर आई ओरडेल, तेवढंच. हा दुसऱ्याचा आहे, चालू करूनच परत द्यावा लागणार. या वेळी फोटो नक्की काढणार.